मलम रोज लावलं तर चामखीळ लवकर जाते का?

प्रश्न : वय २९. शिश्नावर पाच-सहा चामखिळी आहेत. डॉक्टरांनी इमिक्विमोड ५ टक्के मलम आठवड्यातून तीन रात्री लावायला सांगितलं. लवकर मोकळं व्हावं म्हणून मी सलग दहा दिवस रोज लावलं. आता कातडी लालभडक होऊन सोलवटली आहे, लघवी करताना चुरचुरतं. मलम कायमचं सोडून देऊ का?

उत्तर : कायमचं नको, पण आजपासून थांबवा. दिवसातून दोनदा नुसत्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, वर साधी पेट्रोलियम जेली लावा. कातडी भरून यायला काही दिवस लागतील. ती भरली की डॉक्टरांना दाखवून ठरल्याप्रमाणे, म्हणजे एक दिवसाआड तीन रात्रीच, पुन्हा सुरू करता येतं. मात्र लघवी अडली, शिश्नाची पुढची त्वचा सुजून मागेपुढे होईना, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गफलत कुठे झाली ते सांगतो. हे मलम चामखीळ जाळत नाही. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती चाळवतं आणि विषाणूने बाधित पेशींचा निकाल ती प्रतिकारशक्ती लावते. हे काम मधल्या मोकळ्या दिवसांतही चालूच असतं. रोज लावल्याने दाह तेवढा वाढतो, दिवस काही कमी होत नाहीत. बऱ्याच जणांना फरक दिसायलाच काही आठवडे लागतात; उपचाराची कमाल मर्यादा १६ आठवडे. चामखीळ दिसेनाशी झाली की आधीही थांबायचं.

लावताना दुसरी चूक हमखास होते : पुडी फोडली म्हणून ती संपवायची. एका पुडीतलं मलम साधारण २० चौरस सेंटिमीटरला पुरतं, तुमच्या पाच-सहा चामखिळींना त्यातला थोडासाच भाग लागेल. उरलेलं टाकून द्या. झोपण्यापूर्वी जागा धुऊन पूर्ण सुकू द्या, चामखिळीवर पातळ थर देऊन पांढरेपणा जाईपर्यंत चोळा आणि हात धुवा. वर पट्टी बांधू नका. ६ ते १० तासांनी सौम्य साबण-पाण्याने धुवा. चामखीळ पुढच्या त्वचेखाली असेल तर ती त्वचा रोज मागे घेऊन आतून स्वच्छ करायची, नाहीतर सूज येऊन ती आवळते. मलम अंगावर असताना संबंध टाळा. ते निरोधाचं रबर कमकुवत करतं.

थोडी लाली आणि खाज अपेक्षित आहे. उघडी जखम होणं अपेक्षित नाही.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला शिश्नावरच्या चामखिळींसाठी पोडोफिलॉटॉक्सिन ०.५ टक्के लोशन दिलं आहे. माझ्याही योनीच्या बाहेरच्या बाजूला दोन बारीक मोड दिसतात. तेच लोशन मी वापरू का? आम्ही मुलासाठी प्रयत्न करतो आहोत.

उत्तर : नाही. गरोदरपणात हे औषध वर्ज्य आहे आणि दिवस राहिल्याचं तुम्हाला कळेपर्यंत काही आठवडे उलटून गेलेले असतात. द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्यासारखे उपचार दवाखान्यात होतात, ते गरोदरपणातही चालतात.

शिवाय तुमचे मोड चामखीळच आहेत हे अजून कोणी पाहिलेलं नाही. सिफिलिसमध्ये याच जागी चपटे, ओलसर उंचवटे येतात. त्यावर लोशन लावत बसलात तर खरा आजार आत तसाच राहील. तपासून घ्या, सोबत सिफिलिस आणि एचआयव्हीची रक्ततपासणी दोघांनीही करा. या जागेच्या बहुतेक चामखिळी एचपीव्ही या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित प्रकार वेगळे आहेत. तरी वयानुसार ठरलेली तपासणी चुकवू नका.

नवऱ्यासाठी : तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावायचं, पुढचे चार दिवस सुट्टी. अशा जास्तीत जास्त चार फेऱ्या. दिवसभरात अर्ध्या मिलिलिटरच्या वर नको, कारण जास्त झालं तर औषध रक्तात उतरतं. फक्त चामखिळीवर टेकवायचं, वाळेपर्यंत त्वचा ताणून धरायची. ओलं असताना घडी मिटली की शेजारची चांगली कातडी भाजते. योनीमार्ग, गुदद्वाराचा आतला भाग आणि मूत्रमार्ग इथे हे औषध घालायचंच नाही. आणि हातापायांच्या चामखिळींसाठी मिळणारं सॅलिसिलिक आम्लाचं औषध या जागेसाठी नाही, दोघांनाही.