चौथीतली पोरं शिव्या देतात, मारामारी करतात. शिक्षकानं काय करावं?

छडी बाजूला ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. शिवाय मार खाल्लेले पोट्टे फक्त तुमच्या माघारी भांडायला शिकतात.

सगळ्यात भांडकुदळ पोट्ट्याच्या हाती खिचडीचा डाव द्या, स्वयंपाकवाल्या ताईंच्या नजरेखाली. पहिलीच्या लेकरांना आधी, स्वतःला शेवटी, एवढाच नियम. खिचडी कमी पडतेय दिसलं की तोच पातेल्यात डोकावून पुढच्याला अर्धा डाव वाढतो.

परिपाठातले सुविचार चालू द्या, पण त्यांच्यावर फार भिस्त नको. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. क्रम तोच ठेवा.

शिव्या बऱ्याचदा घरूनच येतात, म्हणून पालकांशी बोला. फक्त कापूस वेचणीत दुपारची सभा ठेवू नका, कोणी येत नाही. संध्याकाळी घरीच जा.