‘चुकलो’ एकदा, ‘पण’ तीनदा

प्रश्न : ताई, आईला जाऊन तीन वर्षं झाली. भायखळ्याच्या फ्लॅटला नॉमिनी मी होतो. सोसायटीकडून तो माझ्या नावावर करून घेतला. आईने मृत्युपत्र केलं नव्हतं. वडील आधीच गेले होते, मुलं आम्ही दोघंच. धाकटा बदलापूरला भाड्याने राहतो. मी चुकलो, पण आईचं आजारपण मीच काढलं. पण त्याला तेव्हा फुरसत नव्हती. त्याने आईचं बायबल मागितलं, रागात तेही दिलं नाही. आता तो बोलत नाही. मी चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीवर आहे, तिथे हे कळायला नको. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळात, उपास केले, उपासनेत रडलो, पण शांती नाही. देवाने क्षमा केली नसेल का?
— बेचैन, भायखळा

उत्तर : सलाम भाऊ,

पत्रात ‘चुकलो’ एकदा आहे आणि ‘पण’ तीनदा. मोजायची माझी खोड वाईट, राग मानू नका.

बायबलात पहिल्या शमुवेलच्या १५व्या अध्यायात शौल राजाही पाप कबूल करतो. लोकांना भ्यालो म्हणून केलं, म्हणतो. आणि लगेच शमुवेल संदेष्ट्याला विनवतो, वडीलजनांपुढे तेवढा माझा मान राख. तुमच्या कमिटीची मला तिथेच आठवण झाली. दावीद राजाचं पाप त्याहून काळं : बथशेबाशी व्यभिचार, आणि वर तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा जीव. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावलं तेव्हा त्याने परमेश्वराविरुद्ध पाप केल्याचं एका वाक्यात कबूल केलं. सबब नाही, अट नाही. ५१वं स्तोत्र आपण त्याच प्रसंगाचं म्हणून वाचतो. त्यातल्या भग्न, अनुतप्त हृदयाचा संबंध आपण डोळ्यांतल्या पाण्याशी जरा जास्तच लावतो, असं माझं मत. पेटीवर ओळखीचं गीत लागलं की माझेही डोळे भरतात, आणि घरी येऊन मी सुनेला टाकून बोलते ती बोलतेच.

क्षमा रडून कमवावी लागत नाही, ती देवाची देणगी. तुम्हाला शांती नाही, कारण ज्याचं घेतलं तो अजून भाडं भरतोय. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं. तुमच्याकडे तर कुणी चौपट मागतही नाही.

आणि हे उपकार म्हणून करू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं तरी. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू होणाऱ्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे निम्मा वाटा त्याचाच आहे. वकील गाठा, कागद करून घ्या. आईची सेवा केलीत ती खरीच, त्या सेवेचे पैसे मात्र त्याच्या वाट्यातून कापू नका. औषधपाण्याचा हिशेब असेल तर तो दुसऱ्या दिवशी, दोघांनी बसून.

अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी भावाकडे जा, असं येशू मत्तयाच्या ५व्या अध्यायात सांगतो. रविवारी लोकलच्या मेगाब्लॉकचा भरवसा नाही, शनिवारीच निघा. एकटे जा. पाळकसाहेबांना मध्ये घालू नका, त्यांच्यादेखत त्याला ‘नाही’ म्हणणं जड जाईल. त्याने दार लावून घेतलं तर तो त्याचा हक्क. मग पुन्हा कधीतरी जा.

पिशवीत आईचं बायबल घ्या. पहिलं ते त्याच्या हातात द्या. फ्लॅटचं चहा झाल्यावर बोला. चहा मिळाला तर.