अ‍ॅपचे लाख रुपये राहू द्या, आधी राजीनाम्याचं बोलू

पत्र : वय ४६, राहणार कोलशेत, ठाणे. ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी. अकरा महिन्यांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, बायकोने किडनी दिली. आता तब्येत उत्तम आहे. एक कंपनी अ‍ॅपवरून ट्रान्सप्लांटनंतरचा तीन वर्षांचा टेलिमेडिसिन प्लॅन देते आहे : हवे तेवढे व्हिडिओ कॉल, घरी येऊन सॅम्पल, तपासण्यांवर दहा टक्के सूट. एकरकमी ९९,००० रुपये. आमच्या हॉस्पिटलची व्हिडिओ ओपीडी ८०० रुपयांत होते. एफडी मोडून प्लॅन घेऊ का? मार्चअखेर नोकरी सोडून दापोलीजवळ गावी होमस्टे काढणार आहे, महिना चाळीस हजार सुटतील. टेलिमेडिसिन असल्यावर तिथूनही सगळं जमेल. एजंट नवा मेडिक्लेम काढून देतोय. फॉर्मवर ट्रान्सप्लांट लिहू नका, तीन वर्षांनी सगळं कव्हर होतं, असं तो म्हणतो. पीएफ ३२ लाख, एफडी १४ लाख, गृहकर्ज ११ लाख बाकी. औषधं महिन्याला पंधरा हजार, तपासण्या वर्षाला चाळीस हजार.

उत्तर : प्लॅन घेऊ नका. वर्षाला ३३,००० पडतात. त्यात मिळतं काय? वर्षात आठ व्हिडिओ भेटी धरल्या तरी तुमच्याच हॉस्पिटलात साडेसहा हजारांत होतात. तपासण्यांवरची सूट चार हजार. दहा-साडेदहा हजारांच्या मालाला तेहतीस हजार. ‘हवे तेवढे कॉल’ हे आमिष आहे. स्थिरावलेल्या पेशंटला एवढे कॉल लागत नाहीत, आणि ज्याला लागतात त्याने कॉल नाही, रिक्षा करायची असते.

टेलिमेडिसिनला माझा विरोध नाही. जर्मनीत फ्रायबुर्गला जिवंत दात्याकडून किडनी मिळालेल्या ४६ पेशंटांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर घरबसल्या लक्ष ठेवलं गेलं, त्यांना अचानक अ‍ॅडमिट करावं लागण्याचं आणि औषधं चुकण्याचं प्रमाण कमी झालं. पण तिथे लक्ष ठेवणारी माणसं ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलचीच होती. तुमच्या माहितीपत्रकात ‘पॅनेलवरील तज्ज्ञ’ आहेत. टॅक्रोलिमसचा (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाचा) डोस किंचित कमी करायचा की नाही, हे पॅनेलवरचा अनोळखी डॉक्टर ठरवणार नाही आणि त्याने ठरवूही नये. तो तुम्हाला ‘तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टला विचारा’ म्हणेल. हे वाक्य ऐकायला ९९,००० भरायचे?

घरी सॅम्पलचंही तसंच. टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी तपासतात. सॅम्पल घेणारा मुलगा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून साडेदहाला उगवला, तर गोळी तरी लांबते नाहीतर रिपोर्ट तरी फसवा येतो. हे ठाण्यातलं. दापोलीजवळच्या गावातून नऊच्या ठोक्याला रक्त काढून, ही तपासणी करणाऱ्या लॅबपर्यंत कोण पोचवणार? रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, बऱ्याचदा काही न दुखता सुरू होतं, आधी फक्त रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते दाखवणारा आकडा) वाढतं. ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर स्क्रीनवर दिसून भागत नाही. गाडी काढायची आणि पाच-सहा तास ठाण्याच्या दिशेने बसायचं.

आता तुम्ही न विचारलेलं. अहो, तुमची सगळ्यात मोठी मिळकत पीएफ नाही, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे. राजीनामा दिलात की शेवटच्या दिवसाबरोबर तोही संपतो. औषधं तो देत नाही, पण अ‍ॅडमिशन देतो. रिजेक्शनचं एक अ‍ॅडमिशन, बायॉप्सी आणि महागडी इंजेक्शनं धरून दोन-तीन लाख सहज होतात.

एजंटाला तर दारात उभं करू नका. तो सांगतोय तो तीन वर्षांचा नियम फॉर्मवर *लिहिलेल्या* आजाराला आहे. लपवलेल्याला नाही. साठ महिने हप्ते भरले की कंपनी जुनं उकरत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण उरत नाही. आणि तुमची कुठलीही फाईल उघडली की पहिल्या पानावर ट्रान्सप्लांट असणार. त्याचं कमिशन पहिल्या वर्षी सुटेल, क्लेम नाकारल्याचं पत्र तुम्हाला येईल.

त्या फॉर्मवर दुसरीही खोटी ओळ पडणार आहे, ती तुमच्या पत्नीची. त्यांचा उल्लेख पत्रात एकाच वाक्यात येऊन गेला. किडनी त्यांचीही एकच आहे. दात्यालाही दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासावं लागतं. एक किडनी असलेल्या माणसाला नवी पॉलिसी देताना विमा कंपन्या कां-कूं करतात. त्या आज तुमच्याच ग्रुप मेडिक्लेमवर आहेत ना? म्हणजे एका राजीनाम्यात दोघांचं छत्र जातं, आणि अ‍ॅपच्या प्लॅनमध्ये त्यांचं नावही नाही.

होमस्टेचा हिशेबही जरा आशाळभूत आहे. जून ते सप्टेंबर खोल्या बहुतेक रिकाम्या धरा. आठ महिने चाळीस हजार म्हणजे वर्षाला ३.२ लाख. त्यातून औषधं आणि तपासण्यांचे २.२ लाख वजा. उरलेल्या एका लाखात घर चालवायचं आणि गृहकर्जाचा हप्ताही भरायचा? पंधरा वर्षांच्या गोळ्या-तपासण्या आजच्याच भावाने ३३ लाख होतात. तुमचा पीएफ ३२ लाख आहे. शिवाय मिळालेली किडनी जन्मभर पुरेलच असं नाही. साठीच्या आसपास पुन्हा डायलिसिसची वेळ आली तर त्यासाठी काय ठेवलंय?

मार्चचा मुहूर्त रद्द करा. एचआरकडून ग्रुप पॉलिसीच्या विमा कंपनीचं नाव घ्या आणि त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत दोघांना बदलून घेण्याचा अर्ज लेखी द्या. अशा बदलात जुन्या पॉलिसीत आधीच पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ (जुन्या आजाराला कव्हर मिळेपर्यंत थांबायचा काळ) धरला जातो. ट्रान्सप्लांट आणि किडनीदान, दोन्ही ठळक लिहा. कंपनी नाही म्हणू शकते, म्हणूनच हे नोकरीत असताना करायचं. नाही म्हणाली तर होमस्टे दुसऱ्या कुणाला चालवू द्या आणि तुम्ही ऐरोलीची लोकल पकडत राहा. एफडी मोडू नका, त्यातले पाच लाख फक्त हॉस्पिटलसाठी वेगळे ठेवा. औषधांत बचत म्हणून केमिस्टने दुसऱ्या ब्रँडचं टॅक्रोलिमस पुढे केलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्रँड बदलला की लेव्हल पुन्हा तपासावी लागते.

विमा कंपनीचं उत्तर आलं की पुन्हा लिहा. आणि पत्नीचं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, तेही त्यात लिहा.