टांझानियातलं म्पिंगो झाड वाचवायचं तर तोड पूर्ण बंद करावी का?

नाही, असं माझं ठाम मत आहे. म्पिंगो म्हणजे आपल्या शिसवीचंच भावंड. चांगली क्लॅरिनेट आणि ओबो ही फुंकून वाजवायची पाश्चात्त्य वाद्यं याच काळ्या लाकडाची बनतात. पण झाड तोडणीजोगं व्हायला ७० ते १०० वर्षं लागतात. इतकी वर्षं गावकऱ्यांनी ते कशासाठी राखायचं? लाकडाचे पैसे गावाच्या हाती पडले तरच ना! टांझानियातल्या किल्वा जिल्ह्यात तेच घडलं. २००२ च्या वन कायद्याने गावांना स्वतःचं जंगल सांभाळता येतं, आणि २००९ मध्ये तिथल्या गावजंगलांना एफएससी प्रमाणपत्र, म्हणजे जंगल जपून लाकूड काढल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला, मिळालं. मोजणी करून ठरावीकच झाडं तोडतात.

मला जास्त काळजी वणव्याची वाटते. कोरड्या हंगामाच्या शेवटी पेटलेली आग कोवळी रोपं संपवते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, ते मुद्दाम हलकं जाळून घ्यावं लागतं.