लक्झरी क्रूझच्या भाड्यात धरलेल्या सहली खरंच परवडतात का?

तुम्ही साताऱ्याचे. आईबाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला भूमध्य समुद्रातली क्रूझ द्यायची म्हणता. एका कंपनीच्या भाड्यात बंदरावरच्या सहली धरलेल्या आहेत, दुसरीच्या नाहीत, आणि दोघांचं मिळून अडीच लाखांचं अंतर पडतंय. बंदरं आठ. सहलीवाली घ्यावी का, असं विचारलंय.

मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं, साताऱ्याच्या वन्सं आणि त्यांचे यजमान असे चौघं बार्सिलोनाहून अथेन्सपर्यंत अशाच एका 'सगळं समाविष्ट' जहाजानं गेलो होतो. पैसे मुलानं भरले, हिशोब मात्र आमच्या ह्यांनी केला. ह्यांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान होतं. मुलानं फोनवर "बाबा, सहली फ्री आहेत" म्हटल्यावर ह्यांचं उत्तर आलं, "हमाली-तोलाई वेगळी मागत नाहीत म्हणून ती फुकट असते का रे? पट्टीत धरलेलीच असते की."

तेव्हा 'फ्री' हा शब्द आधी डोक्यातून काढा. अडीच लाख भागिले दोन माणसं, भागिले आठ बंदरं. माणशी एका बंदराला साधारण साडेपंधरा हजार रुपये झाले. बिनसहलींच्या जहाजावर साधी अर्ध्या दिवसाची सहल वेगळी घेतली तर बहुतेक ठिकाणी याहून कमी पडते, दिवसभराची जेवणासकट घेतली तर याच्या आसपास किंवा वर जाते. म्हणजे नुसत्या सहलींसाठी तुम्ही अडीच लाख जास्त देत असाल तर सौदा महाग आहे. पण त्याच अडीच लाखांत टिपा, वायफाय, दारू असंही काही धरलंय का ते बघा. तुमचे आईबाबा दारू घेत नसतील तर तो भाग तसाही बुडीत खात्यात जायचा.

'समाविष्ट' या शब्दात किती मावतं तेही कंपनीगणिक बदलतं. वायकिंगच्या जहाजांवर दर बंदराला एक सहल भाड्यात असते, बाकीच्यांना पैसे. रीजंट सेव्हन सीजवर बहुतेक सगळ्या सहली भाड्यात, काही खास सहलींना मात्र वरून पैसे. म्हणून जाहिरात वाचत बसू नका. प्रत्येक बंदराची यादी मागवा आणि त्या दिवशी बिनपैशाची सहल नेमकी कुठली, तेवढंच तपासा.

आता खरं काय ते सांगते. सहल घ्यायची की नाही हे बंदर गावापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. सांगलीत आयर्विन पुलाशी उतरलेल्या माणसाला गणपती मंदिर दाखवायला कुणी बस घेऊन आलं तर तुम्ही हसाल. पण तोच माणूस साताऱ्याच्या स्टँडवर उतरला आणि त्याला कास बघायचं असेल, तर गाडी लागणारच.

'रोम' म्हणून जहाज लागतं ते चिविटावेक्कियाला. तिथून रोम ऐंशी किलोमीटरच्या आसपास. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून नव्वद. दोन्हीकडून आगगाडी आहे, स्वस्त आहे, तरुण माणसं आरामात जाऊन येतात. पण सत्तरीच्या माणसांनी परक्या स्टेशनावर बोर्ड वाचत, जहाज सुटण्याची धाकधूक पोटात घेऊन फिरायचं? तिथं सहलीची बस घ्या. बस उशिरा आली तर जहाज आपल्या सहलीच्या माणसांसाठी थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. स्वतःहून गेलेल्यासाठी कुणी थांबत नाही. आमच्या डोळ्यांदेखत नेपल्सला एक जोडपं धक्क्यावरून हातात चपला घेऊन पळत आलं, आणि वर डेकवर लोक टाळ्या वाजवत होते. ते दोघं चढले म्हणून टाळ्या. शिडी काढली असती तर?

आणि कोटोर. मॉन्टेनेग्रोतलं हे गाव म्हणजे जहाजातून उतरलं की रस्ता ओलांडून समोर जुन्या तटबंदीची वेस. भाड्यातली सहल काय होती? वाटाड्याबरोबर गावातून पायी चक्कर. पस्तीस माणसं, प्रत्येकाच्या कानात एक यंत्र, पुढं नंबराची पाटी धरलेली मुलगी. गल्ल्या इतक्या अरुंद की आमच्या रांगेची शेपटी एका चौकात आणि ती मुलगी पुढच्या चौकात. तिचं बोलणं कानात येतंय, पण ती कशाबद्दल बोलतेय ते दिसत नाही. वन्संनी अर्ध्या तासात यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि एका पायरीवर मांजराशेजारी बसल्या. कोटोरमध्ये मांजरं फार, दुकानांतूनसुद्धा मांजरांचीच चित्रं विकायला. मी आणि त्यांचे यजमान मात्र वरच्या किल्ल्याकडं निघालो. साडेतेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत म्हणे, आम्ही मधल्या देवळापर्यंतच गेलो. तिथून खाली आखात आणि त्यात आपलं जहाज. "आपल्या अजिंक्यताऱ्यावरून गाव दिसतं तसंच, फक्त खाली पाणी," असं ते म्हणाले. साताऱ्याच्या माणसाला जगात कुठंही नेलं तरी अजिंक्यतारा आठवतोच, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माल्टाचं व्हॅलेटाही तसंच. धक्क्यापासून जरा चाललं की वरच्या बागेत नेणारी लिफ्ट आहे. बारा वाजता तिथं तोफेची सलामी होते, ती बघा, गावात पायी हिंडा, बसा. बस लागत नाही.

इफेससवर मात्र थोडं जास्त लिहिते, कारण भाड्यातल्या सहलीचं सगळं बरं आणि सगळं वाईट मला तिथं एकाच दिवसात कळलं. तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरापासून हे प्राचीन शहर वीसेक किलोमीटर. जागा उतारावर आहे. वरच्या दारानं आत गेलं की संगमरवरी रस्ता खाली उतरत जातो, थेट त्या प्रसिद्ध सेल्सस ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीपाशी, आणि बाहेर पडायचं खालच्या दारानं. सहलीची बस वर सोडते आणि खाली येऊन थांबते. स्वतः टॅक्सीनं गेलात तर टॅक्सीवाल्याला हे आधी नीट सांगावं लागतं, नाहीतर तोच चढ परत चढायचा. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी कंपनीला आशीर्वाद दिले. दगड घासून गुळगुळीत झालेत, मी भिंतीच्या कडेनं ह्यांच्या खांद्याला धरून उतरले, पण उतरले.

परतताना मात्र बस थांबली ती गालिच्याच्या दुकानाशी. कार्यक्रमात 'गालिचाविणकामाचं प्रात्यक्षिक' एवढंच लिहिलेलं. एक बाई मागावर दहा मिनिटं बसली, सफरचंदाचा चहा आला, आणि मग चार पोरं आमच्या पायाशी एकापाठोपाठ एक गालिचे उलगडून फेकायला लागली. दार कुणी लावलेलं नव्हतं, पण उठायची लाज वाटावी अशी बसायची रचना. पाऊण तास गेला. आमचे हे एकटेच खुशीत होते. भाव किती उतरतो ते बघायचं म्हणून त्यांनी एका गालिच्याला निम्म्यावर आणलं आणि "बघू, घरी विचारून सांगतो" म्हणून उठले. मी शेजारीच बसले होते. तो पाऊण तास ग्रंथालयासमोर मिळाला असता तर! भाड्यातल्या सहलींत अशी दुकानं ठिकठिकाणी असतात, यादीत 'प्रात्यक्षिक' किंवा 'खरेदीसाठी वेळ' दिसलं की समजून जा.

दुसरा फसवा शब्द 'पॅनोरॅमिक'. त्याचा अर्थ बसच्या काचेतून. फ्लॉरेन्सच्या आमच्या भाड्यातल्या सहलीत जाताना दीड तास, येताना दीड तास, आणि मधल्या वेळात मोठ्या कॅथेड्रलला बाहेरून नमस्कार. आत जायची तिकिटं महागड्या, पैसे भरायच्या सहलीत होती. बसही जुन्या गावात जात नाही, लांब सोडते आणि तिथून चालायचं. त्यामुळे 'आत प्रवेश' लिहिलंय का ते बघा. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसला तर आता वेळ ठरवूनच तिकीट काढावं लागतं, आपल्या कासच्या पठारासारखं. तिथं सहलीत तिकीट धरलेलं असेल तर ती सहल सोन्यासारखी.

ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी उतरवतात. सहलीवाल्यांना वेगळ्या बंदरावर उतरवून बसनं वर नेतात. बाकीच्यांना कड्याखाली सोडतात, तिथून वर जायला रोपवे, गाढव किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. रोपवेची रांग उन्हात. इथं सहल घ्याच.

आमची खरी चूक सांगू का? पहिले पाच दिवस आम्ही एकही सहल सोडली नाही. लग्नात ताटातलं टाकायचं नाही तसं. सकाळी साडेसातला जहाजावरच्या नाटकगृहात जमायचं, शर्टाला बस नंबरचा स्टिकर लावायचा, रात्री पाय सुजलेले. सहाव्या दिवशी वन्संनी जाहीर केलं, "पैसे बुडाले तर बुडाले, मी आज उठणार नाही." त्या दिवशी जहाजावर माणसंच नव्हती, पोहायचा हौद रिकामा, चहा गरम. त्या दुपारी जेवायला भेटल्या तेव्हा सगळ्यांत ताज्यातवान्या त्याच होत्या.

तुमच्यासाठी माझं मत असं. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई तुरुतुरु चालते असं लिहिलंय. तुम्ही बरोबर नसणार. मग तुमच्या आठ बंदरांपैकी लांबची किती ते मोजा. पाच-सहा असतील तर सहलीवाली घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. तीनच असतील तर बिनसहलींची घ्या, त्या तीन बंदरांच्या सहली त्याच जहाजाकडून पैसे देऊन घ्या आणि उरलेले पैसे त्यांच्या हातात ठेवा. बुकिंग घरूनच, लवकर करा. सकाळच्या सोयीच्या वेळा आधी भरतात, काही कंपन्यांत मोठ्या खोलीवाल्यांना आधी निवडू देतात. प्रत्येक सहलीपुढं चालणं किती ते लिहिलेलं असतं, बाबांसाठी सगळ्यांत सोपी निवडा. दोघांनी एकच सहल घ्यायला पाहिजे असंही नाही. शाकाहारी असतील तर दिवसभराच्या सहलीच्या जेवणाचं आदल्या दिवशी सहलींच्या काउंटरवर सांगायचं, आणि तरीही पिशवीत भडंगाचं बंद पाकीट असू द्यायचं. आम्हाला लिव्होर्नोच्या दिवशी शाकाहारी म्हणून पानं आणि टोमॅटो मिळाले होते.

आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच (एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा) मागा. वाटेत तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रो असेल तर जहाज शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येतं. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागतो का ते कंपनीला आधी विचारा, लागलाच तर तो सहलीच्या भाड्यात धरलेला नसतो.