ट्रेनिंगने माता मृत्यू कमी होतात का? सातपुड्यात लेबर रूम केलेल्या सिस्टरचं उत्तर

तुम्ही विचारलंय की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्सेसना ट्रेनिंग दिलं की बाळंतपणातले मृत्यू कमी होतात का, का डॉक्टरच पाहिजे. मी जळगावची, सातपुड्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सहा वर्षं काढली, तिथलंच सांगते.

होतात, पण ट्रेनिंग घेतलेली बाई लेबर रूममध्ये उभी असली तर. मी एसबीएचं, म्हणजे सुरक्षित बाळंतपण कसं करायचं त्याचं, २१ दिवसांचं ट्रेनिंग करून आले आणि आल्या आल्या मला लसीकरण आणि ऑनलाइन एंट्रीला बसवलं! चार महिन्यांनी लेबर रूम मिळाली तेव्हा मॅगसल्फ (बाळंतपणातले झटके थांबवायचं इंजेक्शन) भरताना हात थरथरत होता. झटके आलेल्या बाईला पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, सिस्टरनेच देऊन मग रेफर करायचं असतं, पण हात बसलेला नसला की माणूस घाबरतो आणि तिला तशीच १०८ मध्ये घालून नंदुरबारला पाठवतो, घाटात काय होईल ते होवो.

दुसरं म्हणजे एकटी सिस्टर. बाळ बाहेर आलं की एका मिनिटात आईला रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिन १० युनिट द्यायचं, आणि बाळ रडलं नाही तर त्याच मिनिटात त्याला पुसायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नाही घेतला तर अंबू बॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी. आता हात दोनच, आधी कोणाकडे बघू? रात्री माझ्यासोबत फक्त मावशी असायची, तिला मी बाळ पुसायला शिकवलं होतं, ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही हं. तीन शिफ्ट, वीकली ऑफ, कोणाची रजा, कोणाची मीटिंग असं धरलं तर चार सिस्टर असूनही रात्री जोडी लागत नाही.

डॉक्टर पाहिजेतच, सिझेरियन काही आम्ही करणार नाही. एमबीबीएसवाल्यांना भूल द्यायचं, सिझेरियनचं वेगवेगळं ट्रेनिंग देतात, छान आहे, पण भूलवाला एका तालुक्यात आणि ऑपरेशनवाला दुसऱ्या तालुक्यात असला तर दोघंही रेफरच करत बसतात.

आणि भाषा! पाड्यावर पावरी बोलतात, माझी अहिराणी तिथं काय कामाची, कळा कधीपासून येताहेत हेसुद्धा आशाताई सांगायची तेव्हा कळायचं. तिथल्याच पोरींना शिकवून एएनएम (गावपातळीवरची नर्स) करा असं मी प्रत्येक मीटिंगला बोलायचे. त्या तिथं टिकतील तरी. मी सहाव्या वर्षी जळगावला बदली मागितलीच.