घरी मावशी ठेवायचीय, पण कशी आणि कितीत?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं पेशंटसाठी घरी माणूस ठेवण्याबद्दलचीच आहेत. त्यातली तीन घेतलीयत, पहिल्याचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलंय कारण ती वेळ कुणावरही अचानक येते.

प्रश्न : सासऱ्यांना (वय 74) पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेलीय. नाकात नळी आहे, लघवीची पिशवी आहे. शुक्रवारी डिस्चार्ज म्हणतात. वॉर्डबॉयने एका ब्युरोचा नंबर दिला, ते म्हणतात 24 तासांची सिस्टरच घ्या, महिन्याचे 42 हजार ॲडव्हान्स. आम्ही दोघंही नोकरीवाले, डोंबिवलीहून रोज मुंबई. सिस्टर घ्यावीच लागेल का?
– एक सून, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी एक करा, शुक्रवारच्या आत वॉर्डच्या सिस्टरना गाठा आणि घरी रोज नेमकं काय काय करावं लागणार ते कागदावर उतरवून घ्या. इंजेक्शन आहे का, सलाइन आहे का, जखमेचं ड्रेसिंग आहे का, सक्शन (मशीनने घशातला कफ ओढणं) लागतं का? यातलं काहीच नसेल आणि फक्त नळीतून फीड देणं, पिशवी रिकामी करणं, डायपर, स्पंजिंग, कूस बदलणं एवढंच असेल तर 24 तास सिस्टर लागत नाही, चांगला शिकलेला अटेंडंट पुरतो. नाकातली नळी बदलणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं ही कामं मात्र नर्सचीच, त्यासाठी डॉक्टर सांगतील तेव्हा व्हिजिटवर सिस्टर बोलवायची आणि तेवढ्याच व्हिजिटचे पैसे द्यायचे. ब्युरोवाले 'सिस्टर' हा शब्द सगळ्यांनाच लावतात, म्हणून सरळ विचारायचं की एएनएम आहे का जीएनएम (हे नर्सिंगचे रीतसर कोर्स), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवा. ते नसेल तर नर्सचा रेट द्यायचा नाही. आणि सासरे आहेत तर मामाच (पुरुष अटेंडंट) बघा, वजन उचलायचं असतं आणि आंघोळीच्या वेळी त्यांनाही अवघडल्यासारखं होणार नाही.

आता 24 तासांचं. माझ्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या, पहिल्या महिन्यात आम्हीही 24 तासांची मावशी ठेवली आणि निवांत झोपलो. ती बिचारी दिवसभर सगळं करायची, रात्री फ्रीजसमोरच्या पॅसेजमध्ये सतरंजी टाकून झोपायची, आणि आमची अपेक्षा की तिने दर दोन तासांनी उठून कूस बदलावी. माणूस आहे ना ती! बाराव्या दिवशी सासूबाईंच्या माकडहाडाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला, बोटाने दाबून सोडला तरी पांढरा होईना, लालच. दाबल्यावर फिका न होणारा डाग म्हणजे बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू झाला असं समजायचं. चूक मावशीची नव्हती, आमच्या हिशोबाची होती. ज्या पेशंटला रात्रीही कूस बदलावी लागते तिथे एक तर 12-12 तासांच्या दोन ड्युट्या घ्यायच्या नाहीतर रात्र घरच्यांनी वाटून घ्यायची. 24 तास ड्युटी म्हणजे 24 तास जागं राहणं नव्हे हे ब्युरो सांगत नाही, आपणच समजून घ्यायचं. तुम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडत असाल तर दिवसाचा मामा आणि रात्री अकरा, एक, तीन, पाच असे अलार्म दोघांत वाटून, हे पहिले काही आठवडे जमतंय का बघा, नाहीच जमलं तर नाइट ड्युटी वाढवा, पण दिवसाच्याच माणसाला रात्री जागवू नका.

मामाला डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्येच बोलवून घ्या आणि सिस्टरसमोर एक फीड त्याच्याकडून आणि एक तुमच्याकडून द्यायला लावा. डोकं उंच, फीड झाल्यावरही तासभर आडवं करायचं नाही, लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, चालवताना किंवा उचलताना वर धरायची नाही. हे तोंडी सांगून कळत नाही, हाताने करावं लागतं. आमच्याकडे ब्युरोने एकदा 'सगळं येतं' म्हणून मुलगी पाठवली, तिने आयुष्यात नळी पाहिलेली नव्हती, आणि हे आम्हाला कळलं कधी तर तिने सासूबाईंना झोपवूनच फीड सुरू केलं तेव्हा. मी धावत जाऊन थांबवलं.

पैशाचं फोनवर ठरवू नका, कागदावर घ्या. 42 हजारातले माणसाच्या हातात किती आणि ब्युरोचे किती, आठवड्याची सुट्टी आहे का, सुट्टीला बदली देणार का आणि किती तासांत, सणाच्या दिवशी रेट वाढतो का, पेशंट पुन्हा ॲडमिट झाला तर काय, आणि महिना पूर्ण व्हायच्या आत सेवा थांबवावी लागली तर उरलेले पैसे परत मिळणार का. शेवटचा प्रश्न तोंडातून निघत नाही, मला माहितीय, पण तोच आधी विचारा. पूर्ण महिन्याऐवजी 7 दिवसांचा ॲडव्हान्स बोला, बरेच जण ऐकतात. पैसे ब्युरोच्या खात्यावरच आणि पावती घेऊन. माणसाच्या आधारची फक्त झेरॉक्स ठेवा, ओरिजिनल नको, आणि जवळच्या पोलिस स्टेशनला माहिती द्या.

फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारी हॉस्पिटलसारखी खाट) आणि एअर बेड (हवेची गादी) विकत घेऊ नका एवढ्यात. बऱ्याच गावांत ज्येष्ठ नागरिक संघ, रोटरी, गणेश मंडळं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात, डिपॉझिट ठेवून नाममात्र भाड्याने मिळतं, तुमच्या भागात चौकशी करा. वाचलेले पैसे फिजिओथेरपिस्टला द्या, पॅरालिसिसमध्ये पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते आणि तो काळ परत मिळत नाही.

प्रश्न : आईला (वय 78) पार्किन्सन्स आहे, ती माझ्याकडे सांगलीत असते. एक भाऊ पुण्यात, एक न्यू जर्सीत. मावशीचे 18 हजार न्यू जर्सीवाला पाठवतो पण दर महिन्याला आठवण करावी लागते, लाज वाटते. मेडिक्लेममधून किंवा टॅक्समध्ये काही मिळतं का?
– सांगलीची एक बहीण

उत्तर : ताई, लाज तुम्ही का बाळगायची, आई तिघांची आहे. भावाला सांगा दर महिन्याच्या 1 तारखेला आईच्या खात्यावर ऑटोमॅटिक ट्रान्सफर लाव, खातं आईचं आणि तुमचं जॉइंट ठेवा. मुलाने आईला पाठवलेल्या पैशावर आईला इथे टॅक्स लागत नाही. आणि 18 हजारात फक्त मावशी येते, डायपर, औषधं, मावशीचं जेवण, बदलीचे दिवस हे तुमच्या खिशातून जातं ना? दोन महिने वहीत सगळं लिहा आणि तो आकडा तिघांच्या ग्रुपवर टाका. पुण्याच्या भावाने पैसे कमी दिले तरी चालेल पण महिन्यातला एक शनिवार-रविवार येऊन आईला सांभाळायचं, मावशीला सुट्टी आणि तुम्हालाही. तुमचे तास कुणी मोजत नाही हेच मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं.

मेडिक्लेम घरच्या मावशीचे पैसे सहसा देत नाही, अटेंडंट आणि खाजगी नर्स हे खर्च पॉलिसीत बहुतेक वगळलेलेच असतात. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत मिळतात ते ॲडमिट झाल्यावरच, पण आईचं कार्ड काढून ठेवा.

टॅक्सचं मात्र होऊ शकतं. पार्किन्सन्स हा 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आजार आहे. आईचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी होते. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व लागलं आणि आई तुमच्यावर किंवा पुण्याच्या भावावर अवलंबून असेल, तिच्यावर खर्च होत असेल, तर तिला सांभाळणाऱ्याला 75 हजारांची आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1 लाख 25 हजारांची वजावट मिळते. कलम 80डीडी म्हणून आपण ओळखतो ते, 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात नंबर बदललेत, सीएला विचारा. हे जुन्या टॅक्स पद्धतीतच आहे आणि भारतात रेसिडेंट असणाऱ्यालाच, त्यामुळे न्यू जर्सीवाल्याला नाही.

प्रश्न : आमच्याकडे ब्युरोकडून आलेल्या मावशी सात महिने आहेत, आई त्यांच्याशिवाय जेवत नाही. त्या म्हणतात ब्युरो महिन्याला माझे 5 हजार कापतो, मला डायरेक्ट ठेवा. योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, त्यांचं म्हणणं मला पटतं पण चोरून करू नका. तुमच्या कागदावर तसं न करण्याची अट असणार, ती वाचा, ब्युरोशी उघड बोला, काही ब्युरो एकरकमी फी घेऊन माणूस मोकळं करतात, तो पैसा तुम्ही भरा, मावशींच्या पगारातून नको. नाही म्हणाले तर कराराची मुदत संपेपर्यंत थांबा.

डायरेक्ट झाल्यावर बदलीची सोय तुमच्या गळ्यात येते हे लक्षात ठेवा, एखादी ओळखीची दुसरी मावशी आत्ताच बघून महिन्यातले दोन दिवस तिला बोलवत जा म्हणजे आईला तिची सवय होईल. ब्युरोचे वाचलेले 5 हजार आहेत त्यातले निदान निम्मे मावशींच्या पगारात घाला. आठवड्याची सुट्टी पक्की ठेवा. त्यांचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) नसेल आणि वय बसत असेल तर काढून द्या, आणि बँकेत नेऊन प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघाती विमा आहे, 70 वर्षांपर्यंत मिळतो. हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कटतो, तेव्हा खात्यात तेवढे पैसे आहेत का हे तुम्हीच त्यांना आठवणीने विचारा.